खालची बारीक ओळ

बाई, तू फोनवर पाठवलेला पिशवीचा नमुना पाहिला. तुरीच्या शेंगेचं चित्र छान उतरलं आहे, नावाचं अक्षरही ठसठशीत. पण खाली नुसतं ‘अकोला’ लिहिलंस, पुढे मोबाइल नंबर, आणि संपलं. ज्यानं चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले त्याची नजर चित्राआधी खालच्या ओळीवर जाते. तुझ्या पिशवीला ती ओळच नाही. म्हणून जेवण झाल्यावर हे लिहायला बसलो. यातलं काही तुझ्या धंद्यासाठी आहे, काही तू गिऱ्हाईक म्हणून बाजारात उभी राहशील तेव्हासाठी.

आधी एक गोठ सांगतो, कारण मी हे पुस्तकातून शिकलो नाही. अमरावतीत आपला छापखाना होता तेव्हाची. नुकतेच मोबाइल आले होते. आपल्याकडे मार्च संपला की कूलरचा बाजार भरतो, हे तुला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात एक माणूस चार बिलबुकं छापून घ्यायला आला. एका मंगल कार्यालयाचा हॉल त्यानं पंधरा दिवसांसाठी घेतला होता. म्हणाला, “पत्ता टाकू नका, आमचं फिरतं काम आहे. आज अमरावती, उद्या अकोला, परवा खामगाव.” लग्नपत्रिकांची गर्दी होती. मी विचार केला नाही. त्यानं सांगितलं तसं जुळवलं, ट्रेडलवर चढवलं, बुकं बांधून दिली. पानाच्या अगदी तळाशी, रिवाजाप्रमाणे, आपल्या छापखान्याचं नाव आणि पत्ता बारीक टायपात होताच.

दोन महिन्यांनी दर्यापूरकडचा एक शेतकरी दुकानात आला. बंडीच्या खिशातून घडी घातलेली पावती काढली. कूलरची मोटर आठ दिवसांत जळाली होती. हॉलला कुलूप, मोबाइल बंद. तो म्हणाला, “भाऊ, या पावतीवर पत्ता एवढा एकच हाये, म्हून आलो. हे तुमच्याच इथलं ना? मंग त्या माणसाले म्या कुठी पाहू?”

मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. उत्तर देता आलं नाही. त्या कागदावर नाव विकणाऱ्याचं होतं आणि पत्ता छापणाऱ्याचा. मोटर माझी नव्हती, पण विकणाऱ्याला नाहीसं होता येईल असा कागद माझ्याच मशीनवर निघाला होता. हे मला अजून खुपतं. त्या दिवसापासून पत्त्याशिवाय बिलबुक छापायचं नाही, असा छापखान्यात नियम केला. काही गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. जाऊ दिली.

छापणाऱ्यांना ही शिस्त फार जुनी आहे. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर, कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण टाकणं सक्तीचं केलं. आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे, पण वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी ती ओळ तू रोज पाहतेस. इंग्रजांनी ती आपल्या सोयीसाठी आणली होती, कोणी काय छापलं हे पकडायला. हेतू काहीही असो, त्यातून एक गोष्ट छापणाऱ्याच्या अंगवळणी पडली: कागद बाहेर गेला की त्याच्यासोबत आपला ठावठिकाणाही गेला पाहिजे. निवडणुकीत तर आम्ही जास्तच जपायचो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे प्रचाराच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं, पत्ते लागतात, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. उमेदवाराचा माणूस रात्री अकरा वाजता घाई करत आला तरी ती ओळ जुळवल्याशिवाय मी मशीन चालू केलं नाही.

आणि त्याहून जवळचं सांगू? तुझे पणजोबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होते. आपल्या भागाचा कापूस इंग्रजांच्या काळात परदेशी बाजारात ‘ऊमरा’ नावानं विकला जायचा, म्हणजे उमरावती, आपली अमरावती. अख्ख्या मुलखाचं नाव त्या गाठींवर पणाला लागलेलं. पण गाठींत ओला कापूस भरायचा, हलका-भारी मिसळायचा, असले प्रकार चालायचे. म्हणून १९२५ च्या कायद्यानं प्रत्येक गाठीवर फॅक्टरीची खूण आणि अनुक्रमांक घालायचं ठरलं. मुंबईत गाठ फुटली आणि आत ओल निघाली, तर नंबर पाहून ती कोणत्या प्रेसमधून निघाली तिथपर्यंत माग काढता यावा. बाबा सांगायचे, खूण घालणाऱ्या माणसावर मालकाचं लक्ष असायचं, कारण ती एकदा उमटली की हात झटकता येत नसत. तुझ्या पिशवीवरचा पत्ता म्हणजे गाठीवरची तीच खूण आहे.

आता तुझ्या पिशवीकडे. बंद पिशवीत माल विकायचा तर २०११ चे वेष्टित वस्तूंचे वजनमापाचे नियम लागू होतात. त्यात पत्ता म्हणजे काय हेही सांगून ठेवलं आहे. कारखाना असेल तर कारखान्याचा टपालाचा पत्ता. नसेल तर रस्त्याचं नाव, जागेला नंबर असेल तर तो, आणि शहर व राज्य किंवा पिनकोड. मोजमाप एकच: गिऱ्हाईकाला तो पत्ता वाचून भरणारा सापडला पाहिजे. नुसत्या ‘अकोला’वरून कोण सापडेल?

आणखी एक, जे तुला कोणी सांगितलं नसेल. डाळ तू दालमिलमधून आणतेस आणि पिशवीत स्वतः भरतेस. म्हणजे बनवणारा एक आणि भरणारा दुसरा. तेव्हा दोघांचंही नाव-पत्ता लागतो. मिलवाल्याला आधी विचार, त्याच्या संमतीनं त्याचं नाव टाक. तो नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते समजून घे, आणि मग त्याच्याकडून डाळ घ्यायची की नाही याचा पुन्हा विचार कर. तक्रारीसाठी कोणाला गाठायचं, त्याचं नाव, पत्ता, फोन, ईमेल वेगळं टाक. निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, महिना-वर्ष हे तर हवंच. डाळ खाण्याची वस्तू, म्हणून अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही हवा, आणि त्या नोंदणीत जो पत्ता आहे तोच पिशवीवर हवा. दोन कागदांवर दोन पत्ते असले की अधिकारी आधी तिथंच बोट ठेवतो. पिशवी भरायला सुरुवात केल्यापासून नव्वद दिवसांत वजनमापवाल्यांकडे, म्हणजे वैध मापन शास्त्र विभागाकडे, आपलं नाव आणि पूर्ण पत्ता नोंदवायचा असतो. ते काम पुढच्याच आठवड्यात कर. आणि पिशव्या चुकल्या तर ‘वरून चिठ्ठी चिकटवू’ हा विचार मनात आणू नको. छापलेला मजकूर चिकटपट्टीनं बदलायला नियमात मनाई आहे. म्हणून म्हणतो, पाच हजार पिशव्या छापण्याआधी नमुन्यावर दोन रात्री जास्त घालव.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. परवा फोनवर म्हणालीस, “आबाजी, घराचा पत्ता पिशवीवर टाकला तर कोणीही दारात येऊन उभा राहील.” बाईमाणसानं घरातून धंदा करायचा तर ही भीती खरी आहे, आणि तिला हसणाऱ्या माणसाचं ऐकू नको. पण पत्ता गाळणं हा तिच्यावरचा इलाज नाही. कायद्याला तुझं घर नको आहे, तुझ्या धंद्याची जागा हवी आहे. घर आणि जागा वेगळी कर. तुमच्या बचत गटाची खोली आहे, भरायचं काम तिथं ने. मग तोच पत्ता खरा. किंवा तुझ्या काकाच्या दुकानामागची खोली रीतसर भाड्यानं घे, करारनामा कर, वीजबिलाची प्रत जवळ ठेव. धंद्याला वेगळं सिमकार्ड घे. पण जिथं काम होत नाही, जिथं तुझ्या नावाचं पाकीट कोणी घेणार नाही, तिथला पत्ता उधार आणून टाकू नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं. आणि दारावर पाटी लाव, मराठीत, वाचता येईल अशी. पुढे कधी जीएसटी नोंदणी झाली तर नंबर पाटीवर आणि प्रमाणपत्र आत भिंतीवर लागतं. धंद्याच्या जितक्या जागा तितक्या ठिकाणी. कंपनी काढलीस तर २०१३ च्या कंपनी कायद्यानं बाहेर नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता रंगवावा किंवा लावावा लागतो, तोही तिथल्या लोकांच्या लिपीत, आणि प्रत्येक बिलावर, पत्रावर छापावा लागतो.

मोबाइलवरून विकतेस म्हणून सूट मिळते असं समजू नको. २३ जुलै २०२० पासून ई-कॉमर्सचे नियम आहेत. एखाद्यानं घरातली जुनी सायकल विकली तर त्याला ते लागत नाहीत, पण रोजचा धंदा म्हणून विकणाऱ्याला लागतात. कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा आणि सगळ्या शाखांचा पत्ता, ईमेल, फोन, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव हे सगळं गिऱ्हाईकाला सहज दिसलं पाहिजे. तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. पिशवीवर ज्या गोष्टी छापाव्या लागतात त्यातल्या बहुतेक विकायच्या पानावरही दिसल्या पाहिजेत, हे तर २०१८ पासून आहे.

हीच गोष्ट उलटी करून धर. तू एखाद्या मोठ्या ॲपवरून मिक्सर घेतलास आणि तो बिघडला, तर ॲपवाला म्हणेल, विक्रेता वेगळा आहे. तेव्हा वाद घालू नको. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल आणि संपर्काची माहिती द्या, असं लेखी माग. वस्तू घेतलेल्या गिऱ्हाईकानं लेखी मागितल्यावर ती द्यावीच लागते. आणि मागवण्याआधी विक्रेत्याच्या माहितीच्या पानाचा फोटो काढून ठेव, पार्सलवरची चिठ्ठी फाडून फेकू नको. लोक खोकं आधी टाकतात आणि मग रडतात.

दुकानातून घेतलं तर बिल घे, हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, बिल वाच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा धरली आहे, आणि त्याखालच्या २०२० च्या नियमांत बिलावर काय काय हवं तेही सांगितलं आहे: विकणाऱ्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, मालाचं वर्णन, सही. ‘बसस्टँडसमोर’ हा पत्ता नाही. ‘हेड ऑफिस मुंबई’ हाही नाही. पोस्टाच्या पेटीचा नंबर टपाल पोचवतो, माणूस दाखवत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात तर गावाचं नावही पुरं लागतं. नुसतं चांदूर म्हटलं तर रेल्वे की बाजार? अंजनगाव सुर्जी की अंजनगाव बारी? नांदगाव खंडेश्वर की नांदगाव पेठ? आमच्या छापखान्यात एक बिलबुक असंच नुसत्या ‘चांदूर’नं छापून गेलं होतं आणि त्या दुकानदाराचं टपाल कितीतरी दिवस दुसऱ्याच चांदुरात फिरत होतं. म्हणूनच पिनकोड पाहायचा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी. एकसारख्या नावांच्या गावांमुळे टपाल भरकटू नये, हाच त्यामागचा विचार. ४४४ ने सुरू झाला म्हणजे आपल्या वऱ्हाडातला: अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१. बिलावर अमरावती आणि पिनकोड दुसऱ्याच भागाचा असेल तर विचारायला लाजू नको.

जीएसटी नंबर असेल तर पहिले दोन आकडे पाहा. २७ म्हणजे महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २४ गुजरात, ३६ तेलंगणा. पाटी अकोल्याची, बोलणारा अकोल्याचा आणि नंबर २४ चा असेल, तर माल कोण विकतो आहे हे आधी स्पष्ट करून घे. तो नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला की खरं नाव, धंद्याची मुख्य जागा आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट कळतं. तुझ्यासारख्या मुलीला दोन मिनिटांचं काम. मोठी आगाऊ रक्कम द्यायची असेल तर एवढ्यावरही थांबू नको, दिवसाउजेडी त्या पत्त्यावर जाऊन ये. शेजारच्या चहावाल्याला विचार, “हे इथं कधीपासून हायेत?” तो खरं सांगतो.

बियाण्याचं तुझ्या बाबाला वाचून दाखव, कारण त्याला माझं म्हणणं पाठ आहे तरी मृगाच्या घाईत तो विसरतो. बियाण्याच्या पिशवीवर विकणाऱ्याचं आणि बियाण्याच्या गुणवत्तेला जबाबदार असणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, हे १९६८ च्या बियाणे नियमांत आहे. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, हिरवा कंपनीच्या स्वतःच्या जबाबदारीचा. कृषी सेवा केंद्रातून पक्कं बिल घ्यायचं, त्यावर लॉट नंबर लिहून घ्यायचा, आणि पेरणी झाली की पिशवी टॅगसकट आणि मूठभर बियाणं जपून ठेवायचं, उगवून पीक हाती येईपर्यंत. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला होता. ज्यांनी पिशव्या चुलीत घातल्या त्यांच्याजवळ दाखवायला काय होतं? वावर उगवलं नाही की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची, समितीकडून पाहणी आणि पंचनामा करून घ्यायचा. शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात सांगून ठेवलं आहे.

इथं एक नाजूक गोष्ट आहे. १० जून २०१९ ला आपल्याच अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेल्या एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या, कपाशीची उघड पेरणी केली. त्यांचं म्हणणं तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचं होतं आणि ते त्यांनी सरकारच्या तोंडावर, नावानिशी केलं. त्या वादात मी पडत नाही. पण त्याच्या आडोशानं रात्री घरपोच येणारी जी बेनामी पाकिटं असतात, त्यांच्याबद्दल मात्र ठाम सांगतो. परवानगी नसलेल्या मालावर कोणी आपला खरा पत्ता छापत नाही, आणि सरकी उगवली नाही तर तक्रार कोणावर करायची हा प्रश्न शेतकऱ्याच्याच पदरात पडतो. बाबाला म्हणावं, पाकिटाच्या मागची बाजू कोरी असेल तर हात लावू नको.

आता समज, एवढं करूनही फसगत झाली. १९८६ च्या जुन्या कायद्यात बहुतेकदा समोरच्याचं ठिकाण असेल तिथं किंवा व्यवहार घडला तिथं जावं लागे. २०१९ च्या कायद्यानं मोठी सोय केली: तू जिथं राहतेस किंवा काम करतेस तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दुकान दिल्लीचं असलं तरी तुला अकोल्यातच दाद मागता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन कर, पुष्कळ भांडणं तिथंच मिटतात. ऑनलाइन पैसेच लुबाडले असतील तर मात्र ताबडतोब १९३० वर. घटका-घटका मोलाची असते.

पण आयोग तुझ्या दारात आला तरी नोटीस समोरच्याच्या दारात जायला हवी, आणि तिथं सगळं पुन्हा पत्त्यावर येऊन अडतं. मी आयोगाच्या व्हरांड्यात बसलेली माणसं पाहिली आहेत. तक्रार खरी, पुरावा हातात, आणि तारखेवर तारीख, कारण नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत येते. म्हणून आधी स्वतः नोटीस पाठवून पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे, तेव्हा काउंटरवर पोचेची सोय मागून घे आणि पावती बिलाला टाचून ठेव. समोरच्यानं पाकीट घ्यायलाच नकार दिला तर घाबरू नको. पत्ता बरोबर असेल तर नकार हाही नोटीस बजावल्यासारखाच धरला जातो. आणि हे पक्कं ध्यानात ठेव: परत आलेलं पाकीट फोडायचं नाही. पोस्टमनचा शेरा आणि शिक्के असलेलं बंद पाकीटच पुरावा असतं. आपल्या ओळखीच्या एका मास्तरांनी आत आपलंच पत्र आहे म्हणून ते फोडलं आणि हातचा पुरावा घालवला.

दर्यापूरचा तो शेतकरी मोटरीचे पैसे न मिळताच गेला. जाताना पावती माझ्या टेबलावरच ठेवली, म्हणाला, “हे आता मले काय कामाची?” मी ती काचेखाली ठेवली होती, छापखाना विकला तेव्हा ट्रंकेत आली. उद्या तिची झेरॉक्स तुला टपालानं पाठवतो. वरचं ठळक नाव पाहा, खालची माझी बारीक ओळ पाहा, आणि मधे जागा किती रिकामी आहे ते पाहा. मग पिशवीचा नवा नमुना कर, खोली कोणती ठरली ते कळव, पिनकोडसकट. टाइप आठ पॉइंटच्या खाली नेऊ नको. तुझ्या आजीसारख्या बायकांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.